हंसराज पार वाळलाय, पण मुळाशी हिरवं दिसतंय. जगेल का?

सावलीवेडी
११ नोव्हेंबर, रात्री ९.४०

दिवाळीत चार दिवस साताऱ्याला सासरी होतो. निघायच्या सकाळी हंसराजाला (कुंडीतलं मेडनहेअर फर्न) भरपूर पाणी घातलं, कुंडीखाली ताटली ठेवली, पडदा ओढला. काल रात्री परत येऊन बघते तर झाडाचा पाचोळा झालेला. पान चिमटीत धरलं की भुगा होतोय. ते काळे, तारेसारखे देठ मात्र तसेच ताठ उभे आहेत, त्यामुळे अजूनच वाईट वाटतं.

हे माझं तिसरं रोप. पहिलं एका एप्रिलमध्ये गेलं. दुसरं बेडरूममध्ये एसीच्या समोर ठेवलं होतं, ते पंधरा दिवसांत संपलं. हे तिसरं जुलैत आणलं आणि पावसाळाभर असं काही वाढलं की कुंडी दिसेनाशी झाली. घरात येणारं प्रत्येक माणूस आधी त्याच्यापाशी थांबायचं. आम्ही कोथरूडला तिसऱ्या मजल्यावर राहतो. पूर्वेची खिडकी, सकाळी तासभर कोवळं ऊन पातळ पडद्यातून येतं. ऑगस्टमध्ये रोपवाटिकेच्या काळ्या प्लास्टिकच्या कुंडीतून काढून सहा इंची मातीच्या कुंडीत लावलं. सोबत आलेलं कोकोपीटच (नारळाच्या काथ्याचा भुसा) आहे. पाणी एक दिवसाआड, नळाचं.

आज कुंडी उचलली तर हाताला वजनच लागलं नाही. पाणी घातलं ते कडेकडेने सरळ ताटलीत. वरचं कोकोपीट बोटाने बाजूला केलं तेव्हा पेन्सिलीहून बारीक, तपकिरी लव असलेलं आडवं खोड दिसलं, आणि त्याच्या टोकाला तांदळाएवढा हिरवट ठिपका. तो बघूनच लिहायला बसले. हे जिवंत असेल का? घरात सगळे म्हणतात, टाकून दे, नवीन आण. मला हेच जगवायचं आहे. माझ्या आजीकडे वाईला विहिरीच्या आतल्या दगडांत हंसराज होता. रहाटावरच्या घागरीचं पाणी सांडून भिंत कायम ओली असायची. तो कोणी लावला नव्हता, त्याला कोणी कधी खत घातलं नव्हतं. मग माझ्या घरात त्याला काय कमी पडतं, ते मला नीट समजून घ्यायचं आहे.

रोपवाला_नाना
११ नोव्हेंबर, रात्री १०.१५

ताई, टाकू नका. हिरवं टोक आहे म्हणजे जीव आहे. हंसराजाचा जीव त्या आडव्या खोडात असतो, पानांत नाही.

आता सांगतो ते उद्या सकाळीच करा. बादलीत पाणी घ्या, कुंडी अख्खी त्यात बुडवा. कोकोपीट एकदा कडक वाळलं की पाणी धरत नाही, वरून कितीही ओता, कुंडीच्या आणि मातीच्या फटीतून निघून जातं. बुडबुडे यायचे थांबेपर्यंत ठेवा, अर्धा तास लागला तरी चालेल. मग निथळत ठेवा. मग धारदार कात्री घ्या आणि सगळे देठ मातीपासून बोटभर उंचीवर कापून टाका. सगळे. एखादं पान अर्धं हिरवं असेल तर ते राहू द्या, बाकी वाळलेलं पान परत हिरवं होत नाही, त्याची वाट बघू नका.

कापताना हात थरथरतो माणसाचा, मला माहीत आहे. उरुळी कांचनच्या बाजूला माझी रोपवाटिका आहे, पंचवीस वर्षं हेच करतो. शेडमध्ये पाण्याची मोटर बंद पडली की एका दुपारीत दोनशे कुंड्यांची ही अवस्था होते. आम्ही सगळ्या भादरून ठेवतो, ओल राखतो, आणि बहुतेक परत फुटतात.

कापल्यावर कुंडीवर पारदर्शक प्लास्टिकची पिशवी सैल पालथी घाला, उन्हात ठेवू नका, आत वाफ कोंडून शिजेल. रोज एकदा पिशवी काढून हवा द्या. पान नसल्यामुळे आता पाणी कमी लागेल, तेव्हा ओल राखा पण डबकं करू नका. शेतकरी ज्याला वाफसा म्हणतो ना, तसं. मूठ दाबली तर हाताला ओल लागावी, पाणी गळू नये. महिनाभर धीर धरा.

अळूवडी
१२ नोव्हेंबर, सकाळी ७.५०

सावलीवेडी, तुमच्यासारखीच गत माझी डोंबिवलीत दोनदा झाली. मला सगळ्यांनी सांगितलं, बाथरूममध्ये ठेव, तिथे ओलावा असतो. ठेवलं. बाथरूमला खिडकी म्हणजे वरचा एक झरोका. रोप वाळलं नाही, पण पानं फिकी पडत गेली, नवीन देठ लांबलचक आणि लुळे यायला लागले आणि चार महिन्यांत गेलं. सावलीचं झाड म्हणजे अंधाराचं झाड नव्हे, हे तेव्हा कळलं. आता दुसरं आणायची इच्छा आहे. पाण्याबद्दल विचारायचं होतं, आमच्याकडे आरओ मशीनमधून वाया जाणारं पाणी मी बादलीत धरून झाडांना घालते. ते चालेल ना?

रोपवाला_नाना
१२ नोव्हेंबर, सकाळी ८.३०

ते पाणी हंसराजाला नका घालू. पाण्यातले सगळे क्षार त्या वाया जाणाऱ्या पाण्यात येतात. फरशी पुसायला, गॅलरी धुवायला वापरा. हंसराजाची मुळं केसासारखी बारीक असतात, क्षार साठले की पानांच्या कडा तपकिरी होतात आणि माणूस समजतो पाणी कमी पडलं, म्हणून अजून घालतो. टँकरच्या बोअरच्या पाण्याचंही तेच. पावसाचं पाणी सगळ्यात उत्तम. नाहीतर आरओचं पिण्याचं पाणी, किंवा साधं नळाचं. बोअरशिवाय इलाजच नसेल तर महिन्यातून एकदा कुंडीत स्वच्छ पाणी भरपूर सोडून क्षार खालून वाहून जाऊ द्या. कोकोपीटही नवीन आणलं की दोनतीन पाण्यांत धुऊन घ्या, त्याच्या स्वस्त विटांमध्ये मीठ असतं.

घाटवाट
१२ नोव्हेंबर, दुपारी १.१०

रोपवाटिकेची नाजूक रोपं आणण्यापेक्षा पावसाळ्यात ताम्हिणीला जा. रस्त्याच्या कडेच्या कातळावर, दरडींवर हंसराज नुसता लटकत असतो. मातीसकट गड्डा काढून आणायचा, आपल्या हवेतलं झाड आहे, टिकेल. मी दोन वर्षांपूर्वी आणला होता, चार महिने मस्त राहिला, मग डिसेंबरात वाळला. काय चुकलं कळलं नाही.

निवृत्त_मास्तर
१२ नोव्हेंबर, सायंकाळी ६.२५

घाटवाट, तुमचं काही चुकलं नाही. ते झाड झोपलं होतं आणि तुम्ही त्याला मेलेलं समजलात.

मी तीस वर्षं महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवलं, तेव्हा जरा विस्ताराने लिहितो. आपण ज्याला सरसकट हंसराज म्हणतो त्यात निदान तीन वेगळी नेचे, म्हणजे फर्न, येतात. सगळी ॲडिअँटम या एकाच प्रजातीतली, पण स्वभावाने निराळी.

सह्याद्रीत जून सरता सरता दरडींवर उगवतो तो ॲडिअँटम फिलिपेन्स. एका देठाला दोन्ही बाजूंनी अर्धचंद्रासारखी पानं. हा पावसाळी आहे. नोव्हेंबर-डिसेंबरात त्याची पानं वाळतात, खोड मातीत तसंच राहतं आणि पुढच्या पावसात पुन्हा फुटतं. याची एक गंमत माझ्या विद्यार्थ्यांना फार आवडायची. त्याच्या पानाचा शेंडा लांब दोरीसारखा वाढतो, ओणवा होऊन मातीला टेकतो आणि टेकला की तिथे मुळं धरून नवं रोप तयार होतं. असं एकेक पाऊल टाकत ते दरडीवर पसरतं.

दुसरा ॲडिअँटम कॅपिलस-वेनेरिस. हा जगभर उबदार प्रदेशांत आढळतो, झऱ्याकाठी, चुनखडीच्या पाझरत्या कड्यांवर, चुन्यात बांधलेल्या जुन्या भिंतींत. त्याला चुना मानवतो. नावाचा अर्थ व्हीनस देवीचे केस. युनानी हकीम खोकल्यावर जो परसियावशान देतात तो हाच.

आणि तिसरा, आपल्या घरात कुंडीत येतो तो बहुधा ॲडिअँटम रॅडिअ‍ॅनम, मूळचा दक्षिण अमेरिकेतला. तो बारमाही हिरवा राहतो, झोपायची त्याला गरज नाही, पण कोरडं पडणं त्याला क्षणभर सोसत नाही. सावलीवेडीताई, आजीच्या विहिरीतलं झाड आणि तुमच्या कुंडीतलं झाड ही चुलत भावंडं आहेत. एकाला जमतं म्हणून दुसऱ्याला जमेलच असं नाही. शिवाय विहिरीच्या भिंतीला ओल आतून, मागून मिळत होती, चोवीस तास. तुमच्या कुंडीला ती दोन दिवसांतून एकदा, वरून मिळते. सगळा फरक तिथे आहे.

जंगलातून उपटून आणण्याबद्दल मात्र माझी विनंती आहे, करू नका. ताम्हिणीचा बराच भाग अभयारण्यात येतो. कायद्याचं सोडा, दरड धरून ठेवणारी ही झाडं आहेत. आवडलं तर पिकलेलं एक पान घरी आणा. त्याच्या मागच्या बाजूला कडा दुमडलेली असते, तिच्याखाली बीजाणू, म्हणजे बियांचं काम करणारे सूक्ष्म कण, असतात. कागदाच्या घडीत दोन दिवस ठेवलंत की तपकिरी पूड पडते. तेवढ्यात शेकडो रोपं आहेत.

घाटवाट
१२ नोव्हेंबर, रात्री ८.०५

सर, हे माहीतच नव्हतं. ती कुंडी मी डिसेंबरात रिकामी करून टाकली होती, म्हणजे जिवंत झाड फेकलं. फार वाईट वाटतंय. पुन्हा नाही आणणार. बीजाणूंचा प्रयोग मात्र पुढच्या पावसात नक्की.

माडबन
१२ नोव्हेंबर, रात्री ९.३०

मास्तर अगदी बरोबर. आमच्या कुडाळकडच्या घराच्या जांभ्या दगडाच्या गडग्यावर जूनचे पहिले आठ-दहा पाऊस झाले की हा येतो. आमच्यात काही जुनी माणसं घोडखुरी म्हणतात, पान घोड्याच्या खुरासारखं असतं म्हणून. न्हाणीघराच्या मागे जिथे पन्हळीचं पाणी पडतं तिथला मात्र जानेवारीपर्यंत हिरवा असतो. म्हणजे ओल जिथे राहिली तिथे तोही लवकर झोपत नाही.

कोकणात मातीची कुंडीच बरी, हवाच ओली असते आणि प्लास्टिकमध्ये मुळं कुजतात. पण पुण्यात मातीची कुंडी म्हणजे माठच की! भिंतीतून पाणी पाझरून उडत राहणार. सावलीवेडी, मला वाटतं ऑगस्टमध्ये कुंडी बदललीत तिथेच ही गोष्ट सुरू झाली. पाऊस होता तोवर कळलं नाही, ऑक्टोबरची हवा आल्यावर कळलं.

सावलीवेडी
१३ नोव्हेंबर, सकाळी १०.००

सगळ्यांचे मनापासून आभार. माठाचं उदाहरण वाचलं आणि डोक्यात एकदम उजेड पडला. मी तर "मातीची कुंडी नैसर्गिक" म्हणून मुद्दाम बदलली होती.

आज सकाळी बुडवली. बावीस मिनिटं बुडबुडे येत होते. मग कापलं. नाना, खरंच हात थरथरला. आता कुंडीत नुसते काळे खुंट आहेत, दाढी केल्यासारखे. त्यात मधोमध एकच पान अर्धं हिरवं होतं, ते ठेवलं आहे. मोठी पिशवी घालून पूर्वेच्या खिडकीपासून दोन फूट आत, स्टुलावर.

कुंडीबद्दल: परत प्लास्टिकच्या कुंडीत हलवू का?

रोपवाला_नाना
१३ नोव्हेंबर, सकाळी १०.४०

आत्ता मुळांना हात लावू नका. त्याऐवजी ही सहा इंची कुंडी एका मोठ्या, बिनभोकाच्या भांड्यात ठेवा आणि मधल्या जागेत वाळू भरून वाळू ओली ठेवा. मग मातीची कुंडी पाणी बाहेर टाकायच्या ऐवजी वाळूतून आत घेईल. तळाशी दोन बोटं विटांचे तुकडे टाका म्हणजे कुंडीचं बूड पाण्यात बसणार नाही. फुटल्यावर जूनमध्ये बदला.

संत्रानगरी
१४ नोव्हेंबर, रात्री १०.५०

नागपूरवरून लिहितोय. इथे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो आणि माझ्याकडे हंसराज सहा वर्षांपासून आहे. लोकांना खरं वाटत नाही.

कारण एकच, कूलर. एसी हवेतलं पाणी काढून घेतो, कूलर हवेत पाणी टाकतो. आमच्याकडे एप्रिल ते जून हॉलमध्ये वाळ्याच्या ताट्यांचा कूलर दिवसभर चालू राहतो. ताट्या भिजल्या की खोलीत जो गारवा आणि वास येतो, तो माणसाला जेवढा मानवतो तेवढाच या झाडाला. कुंडी कूलरच्या झोतात नाही ठेवायची, त्याच खोलीत बाजूला, जिथे पान हललं नाही पाहिजे. झोतात ठेवली की ओला वारा असो की कोरडा, पान करपतेच.

माझ्यासाठी कठीण दिवस उन्हाळ्याचे नाहीत, फेब्रुवारी-मार्चचे आहेत. हवा कोरडी झालेली राहते आणि कूलर अजून काढलेला नसतो. त्या दीड महिन्यात मी कुंडी स्वयंपाकघरात पिण्याच्या पाण्याच्या माठाजवळ, त्याच तिवईवर ठेवतो. माठाखालच्या वाडग्यात जे झिरपलेलं पाणी जमते तेच त्याला घालतो. पुण्यात कूलर नसेल तर हे करून पहा, आणि दहा-बारा कुंड्या एकत्र ठेवा. एकमेकांच्या ओलाव्यावर राहतात.

मनीमाऊ
१५ नोव्हेंबर, सकाळी ११.२०

माझा प्रश्न वेगळा आहे. घरात दोन मांजरं आहेत आणि लोंबणारं काहीही ती चावतात. हंसराज विषारी आहे का? आणि पानांवर रोज पाण्याचा फवारा मारायचा असतो ना?

टेम्सकाठ
१५ नोव्हेंबर, दुपारी ४.३५

मनीमाऊ, मांजरांसाठी काळजी नको. अमेरिकेतल्या एएसपीसीए या प्राणिमित्र संस्थेच्या यादीत हंसराज मांजर-कुत्र्यांसाठी बिनविषारी म्हणून दिला आहे. झाडाला मात्र मांजरांपासून वाचवा, टांगून ठेवा.

मी मूळची मिरजेची, आता पंधरा वर्षं लंडनमध्ये. इथला त्रास तुमच्या उलट ऋतूत येतो. बाहेर पाऊस, धुकं, आणि घरात नोव्हेंबरपासून हीटिंग. हवा इतकी कोरडी होते की ओठ फुटतात. माझी तीन रोपं रेडिएटरच्या वरच्या खिडकीत गेली. चौथं मी झाकणाच्या मोठ्या काचेच्या बरणीत लावलं आणि ते पाच वर्षं झाली, तिथेच आहे. आठवड्यातून एकदा झाकण उघडते, पाणी महिन्यातून जेमतेम एकदा.

या बरणीमागे लंडनचीच एक गोष्ट आहे. नथॅनिएल वॉर्ड नावाचे डॉक्टर शहराच्या पूर्व भागात राहत. त्यांना घरामागे नेचे लावायची हौस, पण कोळशाच्या धुराने एक जगेना. १८२९ मध्ये त्यांनी पतंगाचा कोश बघण्यासाठी झाकणाच्या बाटलीत ओली माती घालून ठेवला होता. पतंगाआधी मातीतून एक नेचे आणि गवताचं पातं उगवलं. बाटलीतलं पाणी दिवसा वाफ होऊन काचेवर जमायचं आणि परत मातीत उतरायचं. धूर आत येत नव्हता, ओल बाहेर जात नव्हती. त्यावरून त्यांनी काचेच्या पेट्या बनवल्या, आणि १८३३ मध्ये त्या पेट्यांतून रोपं जहाजाने थेट सिडनीपर्यंत जिवंत पोचली. पुढे चीनमधून चहाची रोपं हिंदुस्थानात आली तीही अशाच पेट्यांतून. एवढी सगळी धडपड सुरू झाली ती घरात नेचे जगत नाही या दुःखातून. सावलीवेडी, तुम्ही एकट्या नाही.

निवृत्त_मास्तर
१५ नोव्हेंबर, सायंकाळी ७.१०

फवाऱ्याबद्दल मी सांगतो. ॲडिअँटम हे नावच ग्रीक शब्दावरून आलं आहे, अर्थ "न भिजणारा". हंसराजाचं पान नळाखाली धरून पाहा. पाणी मोत्यांसारखं घरंगळून जातं आणि पान कोरडंच्या कोरडं. फवाऱ्याने पान पाणी पीत नाही, आणि आजूबाजूच्या हवेत वाढलेला ओलावा दहा-पंधरा मिनिटांत उडून जातो. दिवसातून एकदा फवारा मारून माणसाला समाधान मिळतं, पण त्या भरवशावर तो मुळांची ओल बघायला विसरतो. त्यापेक्षा रोज सकाळी कुंडी उचलून वजन पाहा. आठवड्याभरात हाताला कळायला लागतं.

अळूवडी
१६ नोव्हेंबर, सकाळी ९.०५

अजून एक, ज्यांनी नवीन आणलंय त्यांच्यासाठी. पानामागे कडेला तपकिरी ठिपके दिसले तर ती कीड नाही! मी पहिल्या रोपावर ते बघून कडुनिंबाचं तेल पाण्यात मिसळून फवारलं. दोन दिवसांत कोवळी पानं काळी पडली. नंतर कळलं, ते बीजाणू होते. मास्तरांनी वर लिहिलंय तेच.

रोपवाला_नाना
१६ नोव्हेंबर, सकाळी ९.४५

बरोबर. तेल, पान चमकवायचे स्प्रे, औषधं, हंसराजाला काही सोसत नाही. खरी खवले कीड किंवा पिठ्या ढेकूण आला तर ते देठ कापून टाका, थोडा असेल तर ओल्या कापसाने पुसून काढा. ओळखायची खूण सांगतो. बीजाणू पानाच्या कडेला, सारख्या अंतरावर, रांगेत असतात. कीड कुठेही, देठावरसुद्धा बसते आणि नखाने निघते.

खताचंही तसंच. बाटलीवर लिहिलेल्या मापाच्या चौथा हिस्सा, तोही वाढीच्या दिवसांत महिन्यातून एकदा, आणि आधी माती ओली करून. आजारी झाडाला खत कधीच नाही.

सावलीवेडी
२९ नोव्हेंबर, रात्री ८.५५

सोळा दिवस झाले. काही नाही. जे एक पान ठेवलं होतं तेही परवा वाळलं. हिरवा ठिपका आहे तसाच आहे. पिशवीच्या आत पाण्याचे थेंब दिसतात, वास कुजका नाही. अजून थांबू?

रोपवाला_नाना
२९ नोव्हेंबर, रात्री ९.२०

थांबा. थंडीत रात्री पारा खाली जातो, फूट उशिरा येते. वास चांगला आहे म्हणजे मुळं चांगली आहेत. खोड बोटाने हलकं दाबा, कडक लागलं तर जिवंत. मऊ, पिचपिचीत झालं तरच आशा सोडा. रात्री खिडकीजवळून आत घ्या.

संत्रानगरी
२९ नोव्हेंबर, रात्री ११.००

धीर धरा ताई. माझ्या एका कुंडीने दोन महिने घेतले होते.

सावलीवेडी
११ डिसेंबर, सकाळी ७.१५

आली!!!

काल संध्याकाळी पिशवी काढली तेव्हा काही दिसलं नाही, आज सकाळी बॅटरीच्या उजेडात पाहिलं. त्या हिरव्या टोकापासून एक आणि पलीकडच्या बाजूने, जिथे मी काही अपेक्षाच केली नव्हती तिथून दोन. मिटलेल्या मुठी. रंग हिरवा नाही, किंचित गुलाबी-तांबूस, वर बारीक लव, आणि देठ अजून काळा झालेला नाही, काचेसारखा आहे, आरपार उजेड दिसतो. तान्ह्या बाळाच्या मुठीसारखं काहीतरी दिसतं ते. मी घरातल्या सगळ्यांना उठवलं. ज्यांनी "टाकून दे" म्हटलं होतं त्यांनीच सगळ्यात जास्त वेळ वाकून पाहिलं.

निवृत्त_मास्तर
११ डिसेंबर, सकाळी ८.००

फार आनंद झाला. आता रोज त्याच वेळी पाहा. मूठ उलगडते ती खालून वर, आणि देठ काळा व्हायला लागला की पान पक्कं होत आलं असं समजा. त्या मधल्या आठ-दहा दिवसांत त्याला बोट लावू नका आणि एकदाही कोरडं पडू देऊ नका. याच अवस्थेत ते सर्वांत नाजूक असतं.

टेम्सकाठ
११ डिसेंबर, दुपारी २.१५

मला इथे डोळ्यांत पाणी आलं. पिशवी एकदम काढून टाकू नका. रोज एक तास, मग दोन, असं दोन आठवड्यांत सवय लावा.

मनीमाऊ
१९ जानेवारी, दुपारी १२.३०

सावलीवेडी, कशी आहे कुंडी? मीही आणलंय, छताला टांगलंय. आम्हाला फेब्रुवारीत लग्नासाठी सहा दिवस गावाला जायचंय, म्हणून पोटात गोळा आला आहे.

सावलीवेडी
१९ जानेवारी, रात्री ९.१०

अकरा पानं आहेत! मी जानेवारीत तीन दिवस बाहेर होते, तेव्हा वातीचा उपाय केला. नायलॉनची जाड दोरी, एक टोक कुंडीच्या भोकातून वर मातीत चार बोटं घातलं, दुसरं टोक खाली पाण्याच्या डब्यात, कुंडी डब्याच्या वर जाळीवर. सुती दोरी घेऊ नका, ती महिन्याभरात कुजते. आधी माती आणि दोरी दोन्ही पूर्ण भिजवून घ्या, कोरडी दोरी पाणी चढवत नाही. आणि जायच्या दिवशी पहिल्यांदा करून पाहू नका. आठवडाभर आधी लावा आणि डब्यातली पातळी उतरते का ते बघा. परत आले तेव्हा डबा बोटभर उतरला होता आणि झाड जसंच्या तसं होतं. दिवाळीत हे माहीत असतं तर!

घाटवाट
२ मे, सकाळी ८.४५

पुण्यात दुपारी नुसती भट्टी आहे. ताईंचा हंसराज कसा आहे, विचारायला आलो.

सावलीवेडी
२ मे, रात्री १०.२०

आहे! कडा चार-पाच पानांच्या तपकिरी झाल्यात, पण आहे. वाळूचं भांडं, शेजारी माठ, भोवती अळू, मनीप्लांट आणि मरांटा. पंखा त्याच्या दिशेने येणार नाही असा कोपरा शोधला. पाणी आता रोज, सकाळी कुंडी उचलून बघितल्याशिवाय चहा घेत नाही. बेडरूमच्या एसीचं पाणी बाहेर बादलीत पडतं, त्यात क्षार नसतात, तेच घालते. पहिला एप्रिल त्याने काढला.

सावलीवेडी
२१ जून, सायंकाळी ५.३०

पाऊस लागला आणि कुंडी पुन्हा दिसेनाशी झाली. आज नानांनी सांगितल्याप्रमाणे बाहेर काढली. मुळांचा काळा जाळीदार गोळा, कुंडीच्या आकाराचा. सुरीने मधोमध कापला, दोन्ही भागांना खोड आणि सात-आठ पानं येतील असं पाहून. धुतलेलं कोकोपीट, पालापाचोळ्याचं खत आणि थोडं परलाइट (माती भुसभुशीत ठेवणारे हलके पांढरे खडे), प्लास्टिकच्या कुंड्यांत. खोड मातीच्या वरच राहील एवढंच खाली. एक भाग वाईला आजीच्या घरी मामीकडे नेणार आहे, विहिरीजवळच्या ओट्यावर. तिथे तो पूर्वीचा हंसराज अजून आहे, मामीने फोटो पाठवला.

घाटवाट, बीजाणूंचं काय झालं?

घाटवाट
२१ जून, रात्री ८.४०

मास्तरांनी मला निरोपातून सगळं समजावून सांगितलं आणि एका ओळखीच्या घरच्या कुंडीतलं पिकलेलं पान मिळवून दिलं, जंगलातलं नाही. कोकोपीटवर उकळतं पाणी ओतून, गार करून, पुड्यातली पूड वर भुरभुरवली आणि डबा झाकून ठेवला, माती नाही टाकली वर. पाच आठवडे झाले. हिरवी शेवाळासारखी साय आली आहे आणि भिंगातून पाहिलं तर नखाएवढ्याही नाहीत अशा हृदयाच्या आकाराच्या पापुद्र्या दिसतात. मास्तर म्हणतात आता वरून पाण्याचा पातळ थर लागतो, त्यातून नर पेशी पोहत जाऊनच फलन होतं, मगच खरं पान येईल. रोज सकाळी भिंग घेऊन बसतो.

संत्रानगरी
२२ जून, सकाळी ६.५०

ताई, दुसऱ्या भागातून पुढच्या वर्षी अजून एखादा झाला तर नागपूरला पाठवाल का? माझ्याकडचा जाड पानाचा आहे, तुमचा बारीक पानाचा दिसतो.

रोपवाला_नाना
२२ जून, सकाळी ७.३०

पुढच्या वर्षाची वाट कशाला? आत्ताच्या दिवसांत पाठवणं सगळ्यात सोपं. कडेचा दोन-तीन पानांचा तुकडा काढा, पानं अर्धी कापा, मुळांना ओलं शेवाळ गुंडाळा, वरून प्लास्टिक, आणि पुठ्ठ्याच्या खोक्यात भोकं पाडून उभा बांधा. दोन-तीन दिवस सहज टिकतो. पोचल्यावर लगेच कुंडीत, पिशवीखाली, पंधरा दिवस.

सावलीवेडी
२२ जून, सकाळी ८.१०

मग आजच काढते. संत्रानगरी, पत्ता निरोपातून कळवा. सोमवारी सकाळी पाठवते, म्हणजे रविवारी मध्येच कुठे पडून राहणार नाही.